दाताखालची तूर

परवा शाळेतून घरी येताना शेतांमधल्या पांदीच्या वळणावर तो वास आला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. तूर वाळायला लागली की तिचा एक वास सुटतो, थोडा हिरवट, थोडा भाजल्यासारखा. दुपारच्या उन्हात तर फारच. आमच्या मारेगावच्या बाजूला या दिवसांत हा वास आला की माणसं खूश होतात. सोलेभात होतो, बांधावर तीन दगडांच्या चुलीवर मीठ घालून शेंगा उकडतात, तोंड पोळलं तरी हात थांबत नाही. आणि मी तिथं छातीवर हात ठेवून उभी. पन्नाशी उलटलेली बाई, गावच्याच शाळेतली मास्तरीण, वर्गात साप निघाला तेव्हा काठी घेऊन त्याला बाहेर घालवणारी, ती तुरीच्या वासाला भिते! हसा खुशाल. माझी मीच हसले असते, पण त्या दिवशी घरी येऊन आधी पाणी प्यावं लागलं.

तुरीशी माझं मुळात काही वैर नव्हतं. माझं माहेर फुलसावंगीचं, तिथंही तूरच. सकाळच्या उन्हात आम्ही बहिणी अंगणात बसून शेंगा सोलायचो, हिरवे सोले एका बाजूला, फोलपटं दुसऱ्या बाजूला. मधेच शेंगेतून लठ्ठ अळी निघाली की धाकटी किंचाळायची आणि सगळे सोले मातीत सांडायचे. सोल्याच्या आमटीला लसणाची फोडणी पडली की शेजारची माणसं विचारायची, आज काय केलं बाप्पा? लग्न होऊन इकडे आले त्या पहिल्या पौषात ह्यांनी मला वावर दाखवायला नेलं. बोलणं दोघांनाही येत नव्हतं. ह्यांनी एक शेंग तोडली, अंगठ्यानं फोडली, चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "गोड हाय, पाय." आमचं प्रेम म्हणायचं तर ते तिथून सुरू झालं.

गेल्या साली दसरा झाला आणि ह्यांचं परसाकडे जाणं वाढलं. आधी मला कळलंच नाही, कारण हे नळ सोडून बसायचे. मग मी मोजायला लागले. सकाळी तीनदा, जेवण झालं की लगेच, वावरातून आले की पुन्हा. पट्टा दोन भोकं आत गेला. एका सकाळी ह्यांच्या मागून मी आत गेले आणि पाणी नीट टाकलेलं नव्हतं. लाल दिसलं. मी तिथंच भिंतीला धरून खाली बसले. तिथूनच ह्यांना हाक मारली.

"मूळव्याध असन," हे म्हणाले. "तू कायले भितं?"

"किती दिवसापासून हाय जी?"

"हाय थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे दीड महिना! मी त्या दिवशी रागावले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून ह्यांना पांढरकवड्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं यवतमाळला पाठवलं. यवतमाळच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकून पाहिलं आणि सांगितलं की मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. एक बारीक तुकडा तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस. त्या आठ दिवसांत आमच्या घरात त्या एका आजाराचं नाव कोणी घेतलं नाही. मी फळ्यावर तारीख लिहायची आणि मनात म्हणायची, अजून पाच दिवस, अजून चार. रिपोर्ट चांगला आला. मी डॉक्टरांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, तर ते म्हणाले, "बाई, एवढ्यात निश्चिंत होऊ नका. गोळ्या लांब चालतील. वजन घटू देऊ नका. घटतच राहिलं तर पुन्हा दुर्बीण, आणि कदाचित नागपूरला ऑपरेशन." म्हणजे एक भीती गेली न गेली तोच दुसरी येऊन बसली. तेव्हापासून माझा जीव ह्यांच्या वजनात अडकला.

आमची एकुलती मुलगी पल्लवी नागपूरला असते. ती धावत आली, हातात कागद घेऊनच. तिचंही पोट मधे दोन वर्षं बिघडलेलं होतं, तेव्हा तिनं खाण्यापिण्याचं खूप वाचलं होतं.

"आई, दाण्यात लेक्टिन म्हणून एक असतं," ती म्हणाली. "झाड ते मुद्दाम ठेवतं, आपलं बी कोणी खाऊन संपवू नये म्हणून. धडधाकट पोटाला चालून जातं. बाबांच्या आतड्याला आधीच जखमा आहेत, तिथं ते त्रास देतं असं म्हणतात. काही महिने बंद करून पाहू."

"कशात असते ते?"

तिनं वाचायला सुरुवात केली. तूर, मूग, हरभरा, उडीद. गहू. सोयाबीन. शेंगदाणे. वांगं, टमाटर. मिरची, हिरवी असो की लाल. काकडी, भोपळा. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, ती हळूहळू खालीच बसले. "माय वं! मग माणूस खाते काय?" हे दारात उभं राहून ऐकत होते. आमच्या वावरात तीनच पिकं, तूर, सोयाबीन आणि कापूस. हे म्हणाले, "त्यातला कापूस तेवढा चालते वाटते. तोच खातो." आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता पल्लवीचे डोळे भरले.

डॉक्टरांना मी तो कागद दाखवला. त्यांनी वाचला, परत दिला. "या यादीनं आजार बरा होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले. "गोळ्या सुटता कामा नयेत. बाकी साधं, घरचं, नीट शिजवलेलं, पोटाला सोसेल ते खाऊ द्या. वजन राखलं तर माझी हरकत नाही." मला ठाम हो हवं होतं किंवा ठाम नाही. दोन्ही मिळालं नाही. भित्र्या माणसाच्या हातात कागद आला की तो कागदालाच धरून बसतो. मी ती यादी फ्रिजवर चिकटवली.

चालणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या, हे हळूहळू कळलं. ज्वारी होती, भगर होती. रताळी, सुरण, मुळा, गाजर, भेंडी, कोबी, मेथीची पानं, अंबाडीची पानं. खोबरं, तीळ, घरचं तूप. मिरचीच्या जागी मिरे. डाळीचा मोठा डबा मी माळ्यावर चढवला, दाण्याच्या कुटाची बरणी शेजारी देऊन टाकली. तांदूळ थोडासा, तोही कुकरमध्ये. भाकरी आता मऊ व्हायची, कारण मी पीठ दोनदा चाळायची, उकळत्या पाण्यात उकड काढायची. भीतीनं हात फार नेटका चालतो. माझ्यापुरता तुरीचा वरणभात केला तर पळी वेगळी, शिजवायचा गंज वेगळा. तरी वाटायचं, पळी चुकून तिकडे लागली तर? मग ती पळी मी तीन वेळा घासायची. शेवटी मीही तूर सोडली. आमच्या घरी वर्षाच्या तुरीची पोती होती आणि आम्ही दोघं सुरणाच्या फोडी खात बसायचो.

संध्याकाळी पोळपाट घासताना एक विचार यायचा. तुरीलाही आपल्या लेकरांची कायजी. एवढासा दाणा, आणि त्यात तिनं भीतीपोटी थोडं कडू काही भरून ठेवलेलं. तीही माझ्यासारखीच भित्री निघाली की. मग तिच्यावर रागवावं कसं, हेही कळायचं नाही.

हे मात्र पथ्याला फार पक्के. मार्गशीर्षात शेजाऱ्यांच्या वावरात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप, आणि वांग्याची अशी झणझणीत भाजी की तिच्या वासानंच भूक लागावी. पंगत बसली. ह्यांनी आपला डबा उघडला, ज्वारीची भाकर, उकडलेलं रताळं. "भाऊ, एक वांगं घ्या ना, काही होत नाही एका वांग्यानं," सगळे म्हणाले. हे मान हलवत राहिले. "नाही बाप्पा. घरी मास्तरीण हाय. छडी खावी लागन." मी दुरून बायकांच्या पंगतीतून पाहत होते. मला ह्यांचा अभिमान वाटला.

दर रविवारी वजन व्हायचं. ओसरीत कापूस मोजायचा काटा आहे, जमिनीवर ठेवायचा. हे चप्पल काढून त्यावर उभे राहायचे, हात मांड्यांना चिकटवून, आणि मी समोर बसून आकडे थांबायची वाट पाहायची. आकडे आधी नाचतात, मग थांबतात. त्या नाचण्याच्या वेळात माझा श्वास बंद असायचा. पहिल्या रविवारी अर्धा किलो उतरलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, "ओल कमी झाली असन माह्यातली." मी हसले नाही. पोटही तसंच, नळ तसाच सुटायचा. माझी खात्री होत चालली की आता खाण्याचा दोष नाही. घरात एक दाणा येत नाही, तरी माणूस वाळतो आहे, म्हणजे दुखणं दुसरंच आहे, डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं. शाळेत पाढे म्हणून घेता घेता माझं लक्ष खिडकीबाहेर जायचं. मुलं थांबायची, मी थांबायची, आणि बाहेर नुसती कापसाची वाळलेली पऱ्हाटी.

डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून विचारलं, "बाहेरचं काही खाता का? खरं सांगा."

"नाही साहेब. एक दाणा नाही."

मी शपथेवर सांगितलं असतं की हे खरं बोलून राह्यले. आणि खरंच, ते खोटं बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाहू, नाहीतर नागपूर.

संक्रांतीची सुट्टी होती म्हणून मीच डबा घेऊन वावरात गेले. एरवी कौशल्याबाई न्यायची. ती आमच्याकडे वेचणीला, सोंगणीला म्हणजे कापणीला येते. ती बांधावर पाणी पीत बसली होती. मी विचारलं, हे कुठं आहेत? ती हसली. "भाऊ तिकडे तुरीत. आमचे भाऊ तं तूर खाल्ल्याबिगर एक तास पार करत नाहीत वो बाई."

"काय म्हणाली?"

"अवो बाई, नेहमीचंच हाय ते."

मी तुरीच्या तासात, दोन ओळींमधल्या वाटेत, शिरले. डोक्याच्या वर तूर, शेंगा खुळखुळत होत्या. पुढे हे चालत होते, पाठमोरे, सदरा ढिला झालेला. चालता चालता हात बाजूला गेला, शेंग तुटली, अंगठ्यानं फुटली, दाणे तोंडात. दहा पावलं. पुन्हा हात, पुन्हा शेंग, पुन्हा तोंड. चावताना जरा मान वाकडी करायचे, ऐकल्यासारखं. कधी थुंकायचे, बहुतेकदा गिळायचे. मी हाक न मारता मागे मागे गेले. एका तासात किती शेंगा झाल्या ते मी मोजलं नाही. आमचे असे कितीतरी तास आहेत, आणि हे रोज सकाळी आणि रोज दुपारी सगळे फिरतात.

डबा माझ्या हातून खाली पडला तेव्हा हे वळले.

"तुम्ही खाऊन राह्यले!" मी ओरडले.

"काय खाऊन राह्यलो?"

"तूर! कच्ची तूर! आत्ता, माह्या डोयासमोर!"

हे माझ्याकडे पाहत राहिले. तो चेहरा मी विसरणार नाही. चोरी पकडल्याचा चेहरा नव्हता तो. समजतच नव्हतं ह्यांना. "अवं, हे खाणं होय का? हे तं पाहणं होय. दाणा भरला का, वाळला का, ते दाताबिगर कसं कळन?"

मी पुढे होऊन ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. मूठभर दाणे निघाले. मी ते मातीत फेकले, मग खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. घरात मी पळी तीनदा घासते आहे, आणि हा माणूस दिवसभर, न शिजवलेली, न भिजवलेली, यादीतली पहिल्या नंबरची वस्तू ओंजळीनं खातो आहे, आणि डॉक्टरसमोर निर्मळ मनानं म्हणतो, एक दाणा नाही! हे माझ्याजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "सात वर्षाचा असन मी, बाबा मले पुढं घालून चालवत आन् इचारत, काय म्हणते तूर? मी चावून सांगो. ते खाणं हाय हे माह्या ध्यानातच नाही आलं, देवाशपथ." हे रडके नाहीत, पण तेव्हा आवाज फाटला. "मी तुले फसवलं नाही."

मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर रडताना माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात आनंद होता. वाळण्याला कारण सापडलं होतं! हातात धरता येईल, फेकता येईल असं कारण. नागपूरच्या ऑपरेशनच्या पांढऱ्या खोलीपेक्षा मूठभर तूर किती बरी.

त्या दिवसापासून हे दाणा तोंडात घालेनात. पहिले काही दिवस हात आपोआप शेंगेकडे जायचा आणि मधेच थांबायचा. चष्मा हरवलेल्या माणसासारखे तुरीत उभे राहायचे. दाणा नखानं दाबून पाहायचे, कानाजवळ शेंग वाजवायचे, कौशल्याबाईला विचारायचे. तरी चुकलेच. सोंगलेली तूर एक दिवस आधीच मळणीच्या मशीनमध्ये घातली आणि पोती आतून गरम झाली. पुन्हा सगळी अंगणात पसरावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांची तूर ओली निघाली. गावातले हसले. हे फावड्यानं तूर हलवत राहिले.

माघात वजन थांबलं. मग एका रविवारी आकडे नाचून थांबले आणि मी दोनदा वाचले. पाव किलो वर! मी उठून ह्यांना काट्यावरून उतरूच दिलं नाही, पुन्हा पाहा, पुन्हा पाहा. उन्हाळ्यापर्यंत नळ सोडणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. पल्लवी म्हणाली, तूर सुटली म्हणून. कौशल्याबाई म्हणाली, मी नवस बोलली होती. मला आजही ठाऊक नाही कशानं थांबलं. मी तिघांनाही हात जोडते, आणि यादी अजून फ्रिजवरच आहे. आता मूग तेवढा चालतो, रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरमध्ये गाळ होईपर्यंत शिजवून. पहिल्यांदा दिला त्या दिवशी मी संडासच्या दाराशी जाऊन उभी राहिले होते. हे आतून म्हणाले, "जाय ना तिकडे, कायले पहारा देऊन राह्यली?"

आणि आता पुन्हा पौष. पुन्हा तो वास. दुखणं पुन्हा उलटू शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून मी पांदीत थांबते. म्हणून ह्यांनी पोटावर हात ठेवला की माझा घास हातात राहतो.

काल रविवार होता. खळ्यात तूर सोंगून पसरली होती. ह्यांनी मला बोलावलं. एक वाळलेली शेंग फोडली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले, लग्नानंतरच्या पहिल्या पौषात ठेवले होते तसेच. फक्त हात आता हडकुळे.

"तू चावून सांग," हे म्हणाले. "मी तं चावत नाही. पण दाढेखाली धर, पुढच्या दातानं नको. चपटला तं ओला. कट् करून दोन फाका झाल्या तं वाळला. कानात ऐकू येते ते. शिकून घे."

शिकून घे म्हटलं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "मले कायले शिकवता जी?"

"अवं, उद्या लागलं तं..."

"काही लागत नाही उद्या!" मी एवढ्या जोरात बोलले की कौशल्याबाईनं तिकडून पाहिलं. मला दिसलं ते असं, हेच खळं, हीच तूर, आणि मी एकटीच उभी, दाणा चावते आहे, विचारायला कोणी नाही. हे सगळं एका क्षणात दिसलं. हे मात्र शांत. आपलं एक काम कोणाला तरी देऊन ठेवायचं, एवढंच ह्यांच्या मनात असावं.

मी दाणा दाढेखाली धरला. चावला. कट् झालं. स्वच्छ, कानात, डोक्यात, शंका नकोच अशा दोन फाका. तूर वाळली होती. मला पहिल्याच दाण्यात कळलं होतं. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि ह्यांचाही जबडा हलत होता, रिकामाच.

"काय म्हणते तूर?"

मी दाणा गालात सरकवला. "काही कळलं नाही जी."

"दुसरा घे."

दुसराही कट् वाजला. "नाही कळत," मी म्हणाले.

हे हसले. गेल्या वर्षापासून असं मोकळं हसू ऐकलं नव्हतं. "मास्तरीण हाय म्हणते! बरं, दोन दिवस अजून वाळू देऊ, दोन दिवसानं तूर बिघडत नाही. हे एका सालात येत नसते. पुढच्या साली पुन्हा शिकवीन तुले, मंग येईन."

"हाव," मी म्हणाले. "पुढच्या साली शिकवा."

आणि तोंडातले वाळलेले दाणे मी हळूच, आवाज न करता, चावून गिळून टाकले.